संगमावरचे केरो

ओहायो आणि मिसिसिपी या दोन नद्या जिथे मिळतात, तिथे इलिनॉय राज्याची जमीन निमुळती होत होत शेवटी एक टोक तेवढी उरते. या टोकाला फोर्ट डिफायन्स म्हणतात. समुद्रसपाटीपासून जेमतेम 280 फूट उंचीवरचा हा राज्यातला सर्वांत सखल भाग. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला ओहायो आणि तिच्यापलीकडे केंटकी, उजव्या हाताला मिसिसिपी आणि तिच्यापलीकडे मिसुरी. ओहायोच्या पाण्यावर हिरवट झाक असते. मिसिसिपी वरच्या अंगाला मिसुरी नदीचा गाळ घेऊन आलेली असते, म्हणून ती मातकट दिसते. दोन्ही पाणी लगेच मिसळत नाहीत. मधली रेघ सांभाळत ते बऱ्याच अंतरापर्यंत शेजारी शेजारी वाहत जातात.

नकाशात मिसिसिपी ही मुख्य नदी आणि ओहायो तिची उपनदी. प्रत्यक्षात या जागी सरासरीने जास्त पाणी आणते ती ओहायोच, कारण अपलाचियन डोंगरांच्या पश्चिम उतारावरचा भरपूर पाऊस तिच्या खोऱ्यात येतो. संगमानंतर नदीचा स्वभावच बदलतो. वरची मिसिसिपी इथे संपते आणि खालची मिसिसिपी सुरू होते. ही खालची नदी रुंद आहे, वळणे घेणारी आहे आणि स्वतःच्याच गाळाच्या सपाट मैदानावर पसरणारी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या आखाताचे पाणी साधारण इथपर्यंत आत आलेले होते. संगमाच्या दक्षिणेला जमीन इतकी सपाट का, याचे उत्तर त्या जुन्या आखातात आहे.

संगमाच्या टोकाला लागूनच केरो हे गाव आहे. इजिप्तच्या कैरोवरून त्याचे नाव ठेवले गेले. गावकरी मात्र 'केरो' म्हणतात, म्हणून या पुस्तकातही केरोच. इलिनॉयच्या या दक्षिण भागाला 'लिटल इजिप्त' असेच म्हणण्याची रीत आहे, आणि जवळपास थीब्ससारखी नावेही सापडतात. केरो हे अलेक्झांडर काउंटीचे मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे जिल्ह्याचे ठिकाण म्हटले की कोर्ट, कचेरी, जमिनीचे दप्तर आणि तुरुंग डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेतही काउंटीच्या ठिकाणी हेच असते. फरक आकाराचा आहे. 2020 च्या जनगणनेत पूर्ण अलेक्झांडर काउंटीची लोकसंख्या पाच हजारांच्या थोडी वर होती आणि केरोची 1,733. याच गावात 1920 साली 15,203 माणसे राहत होती.

हे पुस्तक या दोन आकड्यांमधल्या शंभर वर्षांचे आहे, आणि त्या शंभर वर्षांच्या आधीच्या शंभर वर्षांचेही.

अलेक्झांडर काउंटी 1819 मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे मुख्य ठिकाण केरो नव्हते. ओहायोच्या काठावर 'अमेरिका' नावाचे गाव मोठ्या आशेने वसवले होते, तिथे कोर्ट बसले. नदीने गावापुढे वाळू आणून टाकली आणि बंदर म्हणून त्या गावाचा उपयोग संपला. मग ठिकाण 'युनिटी'ला गेले, 1846 मध्ये मिसिसिपीकाठच्या थीब्सला गेले आणि 1860 मध्ये केरोला आले. थीब्सचे 1848 मधले वालुकाश्माचे कोर्ट आजही नदीवरच्या कड्यावर उभे आहे. एका काउंटीला चाळीस वर्षांत तीन वेळा आपले दप्तर गाडीत भरावे लागले, यावरून त्या प्रदेशात काठावरच्या गावाचे आयुष्य किती बेभरवशाचे होते हे कळते. नदी हवी होती, कारण व्यापार तिच्यावरून चालायचा. आणि नदी कधी जवळ येईल, कधी दूर जाईल, हे कोणाच्या हातात नव्हते.

केरोची कल्पना मात्र या सगळ्याच्या आधीची. 1818 च्या जानेवारीत, इलिनॉय अजून राज्यही झालेले नव्हते तेव्हा, जॉन कॉमेगिस नावाच्या व्यापाऱ्याने तिथल्या प्रादेशिक विधिमंडळाकडून 'सिटी अँड बँक ऑफ केरो'ची सनद मिळवली. आपल्याकडे संगमावर आधी देऊळ उभे राहते; इथे गावाच्या आधी बँक कागदावर आली. कॉमेगिस लवकरच वारला आणि बेत बारगळला. 1837 मध्ये बॉस्टनच्या डॅरियस होलब्रुकने 'केरो सिटी अँड कॅनॉल कंपनी' काढली आणि लंडनच्या एका पेढीमार्फत रोखे विकून भांडवल उभे केले. बांध घातले गेले, कारखाने सुरू झाले, मजूर आले. 1840 मध्ये ती लंडनची पेढी बुडाली आणि तिच्याबरोबर केरोही. जमलेली वस्ती पांगली.

1842 च्या एप्रिलमध्ये चार्ल्स डिकन्स आगबोटीने या संगमावरून गेला, तो या पडझडीनंतर दोन वर्षांनी. त्याने पाहिली ती अर्धवट बांधून सोडलेली घरे, दलदल आणि हिवताप. 'अमेरिकन नोट्स'मध्ये त्याने केरोची निर्भर्त्सना केली. 'मार्टिन चझलविट' या कादंबरीत भोळ्या माणसांना नकाशा दाखवून विकली जाणारी 'ईडन' नावाची वसाहत आहे, तिचे मूळ केरोतच मानले जाते. इंग्रजी वाचकाच्या मनात केरोची पहिली प्रतिमा ही अशी उमटली आणि पुढे पुसली गेली नाही. डिकन्सने जे पाहिले ते खोटे नव्हते. पण तो आणखी पंधरा वर्षांनी आला असता तर त्याला वेगळे गाव दिसले असते.

ते वेगळे गाव रेल्वेने घडवले. 1850 मध्ये सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या खटपटीने अमेरिकन काँग्रेसने इलिनॉयमधून जाणाऱ्या रेल्वेसाठी सरकारी जमीन देण्याचा कायदा केला. त्यातून इलिनॉय सेंट्रल रेल्वे निघाली. 1856 मध्ये तिचे 705 मैलांचे काम पुरे झाले तेव्हा ती जगातली सर्वांत लांब रेल्वे होती. तिचा मुख्य मार्ग केरोपासून राज्याच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत जायचा आणि शिकागोला एक फाटा होता. मूळ आराखड्यात शिकागो फाट्यावर आणि केरो मुख्य मार्गाच्या टोकावर होते! उत्तरेचा माल रेल्वेने केरोला यायचा, तिथून आगबोटीने न्यू ऑर्लिन्सला जायचा. त्या काळी या गावात जमिनीचे तुकडे विकत घेणारे लोक वेडे नव्हते. नकाशा त्यांच्या बाजूने बोलत होता.

पाच वर्षांत यादवी युद्ध पेटले आणि केरोचे महत्त्व आणखी वाढले. हे गाव उत्तरेच्या राज्यातले असले तरी व्हर्जिनियातल्या रिचमंडपेक्षा, म्हणजे बंडखोर दक्षिणेच्या राजधानीपेक्षाही, ते दक्षिणेला आहे. उत्तरेच्या फौजेला दक्षिणेच्या पोटात घुसण्यासाठी दोन नद्यांच्या तोंडावरचा याहून चांगला तळ मिळणे शक्य नव्हते. सप्टेंबर 1861 मध्ये युलिसिस ग्रँट इथे सेनापती म्हणून आला. तेव्हा त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. इथूनच त्याने केंटकीतले पडुका घेतले आणि बेलमाँटची लढाई केली. फेब्रुवारी 1862 मध्ये फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन जिंकून तो देशभर प्रसिद्ध झाला. शेजारच्या माउंड सिटीत चिलखती युद्धनौका बांधल्या जात होत्या. त्यातल्या एकीचे नावच 'केरो' होते. डिसेंबर 1862 मध्ये याझू नदीत सुरुंगाने ती बुडाली. शंभरएक वर्षांनी तिला गाळातून वर काढले आणि आज ती व्हिक्सबर्गमध्ये पाहायला मिळते.

या युद्धाचा एक धागा थेट मुंबईत येतो. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बे भरून काढण्याच्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे चढले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. ते युद्ध मिसिसिपीच्या खोऱ्यात ज्या तळावरून लढले गेले, तो हा. पुढे राष्ट्राध्यक्षपद भोगून जगप्रवासाला निघालेला ग्रँट फेब्रुवारी 1879 मध्ये मुंबईत उतरला, आणि मायदेशी परतल्यावर 1880 मध्ये केरोतल्या मॅग्नोलिया मॅनर या विटांच्या हवेलीत राहून गेला. ती हवेली अजून आहे.

लष्करी तळाबरोबर केरोत आणखी कोणी आले, ते म्हणजे गुलामीतून सुटून आलेले काळे स्त्री-पुरुष आणि मुले. 1862 पासून हजारो माणसे नद्या ओलांडून केरोच्या छावणीत पोचली. देवी आणि गोवराने त्यातली पुष्कळ दगावली. इलिनॉयमधल्या अनेक गोऱ्यांना ही माणसे आपल्या राज्यात नकोच होती. तरी कित्येक जण इथेच राहिले, धक्क्यावर आणि रेल्वेत कामाला लागले, त्यांनी चर्च आणि शाळा उभ्या केल्या. मार्क ट्वेनच्या कादंबरीतले हक आणि जिम तराफ्यावरून निघतात ते केरो गाठण्यासाठीच. तिथून आगबोटीने ओहायो चढून गेले की गुलामीपासून सुटका, हा त्यांचा बेत असतो. धुक्यात त्यांचे केरो चुकते. प्रत्यक्षात पोचलेल्यांचे पुढे काय झाले, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे.

युद्धानंतरची चाळीस-पन्नास वर्षे गावाच्या भरभराटीची होती. 1872 मध्ये कस्टम हाउस झाले. ते दगडी, तीन मजली आणि भक्कम आहे. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या गावात परदेशी मालावरची जकात गोळा व्हायची, यावरून धक्क्यावरच्या उलाढालीची कल्पना यावी. 1884 मध्ये सॅफर्ड ग्रंथालय उघडले. 1889 मध्ये जॉर्ज मॉरिसन या अभियंत्याने बांधलेला ओहायोवरचा रेल्वे पूल सुरू झाला. दोन्ही बाजूंच्या चढणी धरून त्याची लांबी चार मैलांच्या जवळपास होती. तोवर रेल्वेचे डबे बोटींवर चढवून नदीपार न्यावे लागत.

केरोच्या ऱ्हासाची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते ती इथून सुरू होते. पूल झाला, मग गाड्यांना केरोत थांबायचे कारण उरले नाही. आगबोटी गेल्या. 1929 मध्ये मिसिसिपीवर आणि पुढच्या दशकात ओहायोवर मोटारींचा पूल झाला, तराफ्यांचा धंदा बसला. 1978 मध्ये आय-57 महामार्गाचा पूल गावाला वळसा घालून गेला. आज शिकागोहून मेम्फिस किंवा न्यू ऑर्लिन्सकडे मोटारीने जाणारी मराठी कुटुंबेही याच पुलावरून जातात, आणि केरोची पाटी मागे पडते. गोष्ट सुटसुटीत आहे. भूगोलाने दिले, भूगोलानेच नेले.

मला ही गोष्ट मान्य नाही, आणि त्यासाठीच हे पुस्तक लिहिले. रेल्वे पूल 1889 चा. 1890 मध्ये गावात दहा हजारांवर माणसे होती आणि नंतरची तीस वर्षे ती वाढतच गेली. म्हणजे पुलाने गाव मेले नाही. तीसेक मैलांवर, ओहायोच्याच काठी पडुका आहे. जानेवारी 1937 च्या महापुरात पडुका बुडाले, जवळपास सगळे शहर रिकामे करावे लागले. त्या पुरात केरो कोरडे राहिले, कारण त्याच्या भोवतीचे बांध टिकले आणि पलीकडे मिसुरीतला बांध सुरुंगाने फोडून पाणी शेतांत सोडले गेले. बुडालेल्या पडुकात आज सत्तावीस हजार लोक राहतात. कोरड्या राहिलेल्या केरोत सतराशे. नदी दोघांची तीच, आगबोटींचा आणि रेल्वेचा काळही तोच. मग फरक कुठे पडला?

उत्तराची सुरुवात 11 नोव्हेंबर 1909 च्या रात्रीपासून करावी लागते. दुकानात काम करणाऱ्या एका गोऱ्या तरुणीचा खून झाला होता. विल जेम्स या काळ्या माणसाला संशयावरून पकडले. शेरीफ फ्रँक डेव्हिस त्याला घेऊन गावाबाहेर निघाला, पण जमावाने रेल्वेगाडी ताब्यात घेऊन दोघांना गाठले. जेम्सला केरोत आणले गेले. बाजारपेठेतल्या मुख्य चौकात विजेच्या दिव्यांची कमान होती, गावाच्या श्रीमंतीचा दिमाख म्हणून उभारलेली. त्याच कमानीला त्याला फाशी दिले. दोर तुटला तेव्हा त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि मग प्रेत जाळले. हजारो लोक हे पाहत होते. पुढे त्या कमानीची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून विकली गेली. त्याच रात्री जमावाने तुरुंग फोडून हेन्री साल्झनर या गोऱ्या कैद्यालाही लटकवले.

इलिनॉयमध्ये 1905 चा कायदा होता, कैदी जमावाच्या हाती गेला तर शेरीफचे पद आपोआप जाते असा. डेव्हिसने पद परत मागितले. गव्हर्नर चार्ल्स डिनीन यांच्यापुढे सुनावणी झाली. काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स शिकागोहून केरोला आल्या, स्वतः चौकशी केली आणि सुनावणीत काळ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. डेव्हिसला पद परत मिळाले नाही. काउंटीच्या ठिकाणी कायद्याचे रक्षण ज्याच्याकडे, त्या अधिकाऱ्याला जाब विचारला गेला, ही बाई तिथे गेली म्हणून. ते प्रकरण लिहिताना या एका गोष्टीचा मला फार आधार वाटला.

पण गाव बदलले नाही. शाळा वेगळ्या, दवाखान्यातल्या खाटा वेगळ्या, आणि पोहण्याचा तलाव फक्त गोऱ्यांचा. 1962 मध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी तलावासाठी आणि स्केटिंगच्या रिंगणासाठी सत्याग्रह केला. पुढे खासदार झालेले जॉन लुईस तेव्हा केरोत होते. तलावाच्या बंद दारापुढे गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या तरुणांचे डॅनी लायनने काढलेले छायाचित्र त्या चळवळीचे पोस्टर झाले. तलाव पुढे बंद पडला आणि सिमेंट ओतून बुजवण्यात आला. काळ्या मुलांबरोबर आपल्या मुलांनी एका पाण्यात पोहण्यापेक्षा कोणीच पोहू नये, हे गावाने मान्य केले. चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्या भाषेच्या स्मरणात आहे, त्या भाषेत या तलावाबद्दल लिहिताना जास्त शब्द लागत नाहीत.

जुलै 1967 मध्ये सुट्टीवर आलेला रॉबर्ट हंट हा एकोणीस वर्षांचा काळा सैनिक पोलीस कोठडीत लटकलेला आढळला. पोलिसांनी आत्महत्या म्हटले. काळ्या वस्तीने ते मानले नाही. जाळपोळ झाली, नॅशनल गार्ड आले. गोऱ्यांनी 'व्हाइट हॅट्स' नावाचे हत्यारबंद पथक उभारले. 1969 मध्ये रेव्हरंड चार्ल्स कोएन यांच्या पुढाकाराने 'युनायटेड फ्रंट' या काळ्यांच्या संघटनेने गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. दुकानांत काळ्यांना नोकऱ्या द्या, ही एक मुख्य मागणी होती. गावातले बरेचसे गिऱ्हाईक काळे असताना अनेक दुकानदारांनी एकही काळा नोकर ठेवण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावणे पत्करले. पिरॅमिड कोर्ट्स या सरकारी चाळींवर रात्री गोळीबार व्हायचा, तिथली माणसे मुलांना घेऊन जमिनीवर झोपायची. मार्च 1972 मध्ये नागरी हक्क आयोगाने केरोत येऊन जाहीर सुनावणी घेतली. तोवर बाजारपेठ ओस पडायला लागली होती, आय-57 चा पूल व्हायला अजून सहा वर्षे होती.

पूल, महामार्ग आणि आगबोटींचा अस्त यांनी केरोचे नुकसान केले, हे मी नाकारत नाही. पण तसे नुकसान अनेक गावांचे झाले आणि त्यांनी दुसरे धंदे शोधले. त्यासाठी गावाला एकत्र बसावे लागते. केरोच्या सत्ताधाऱ्यांनी निम्म्या गावाबरोबर बसायचे नाकारले, आणि त्याची किंमत दोन्ही निम्म्यांनी मोजली. 1986 मध्ये रुग्णालय बंद झाले, 2015 मध्ये शेवटचे किराणा दुकान. 2017 मध्ये केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने एल्मवूड आणि मॅकब्राइड या मोडकळीला आलेल्या सरकारी वसाहती पाडायचे ठरवले. तिथल्या कुटुंबांना गावात दुसरी घरेच नव्हती, त्यामुळे बहुतेकांना केरो सोडावे लागले.

भूगोलाकडे पुन्हा वळतो, कारण तो इथे कधीच गप्प बसत नाही. केरोभोवती मातीचे बांध आणि काँक्रीटची भिंत आहे. उत्तरेला हमरस्ता रेल्वेच्या भरावाखालून गावात शिरतो. तिथे साठ फूट रुंदीचा पोलादी दरवाजा वर टांगलेला आहे. पूर आला की तो खाली सोडायचा आणि गाव चारी बाजूंनी बंद करायचे. तरी वाळूच्या थरांतून पाणी बांधाखालून झिरपते आणि गावाच्या आत उकळल्यासारखे वर येते. 2011 च्या वसंतात पाणी पूरमापकावर 61.72 फुटांपर्यंत चढले. बांध साधारण 64 फुटांचे. महापौरांनी गाव सोडण्याचा हुकूम काढला. 2 मेच्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी मेजर जनरल मायकल वॉल्श यांच्या आदेशावरून मिसुरीचा बांध पुन्हा फोडला आणि सुमारे 1,30,000 एकर जमीन पाण्याखाली गेली.

त्या आधी मिसुरी राज्य हे थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. शेते बुडवावीत की केरो, या प्रश्नावर मिसुरीच्या विधानसभेच्या सभापतींनी केरोचे नाव घेतले आणि नंतर माफी मागितली. पण हिशेब इतका सरळ नव्हता. सोडलेल्या पाण्यात पिनहुक हे काळ्या शेतकऱ्यांनी वसवलेले छोटे गाव कायमचे नष्ट झाले. निम्म्याहून अधिक काळी वस्ती असलेले केरो वाचवताना काळ्यांचेच दुसरे गाव गेले. बांध फोडण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. पिनहुकच्या माणसांना वेळेवर मदत न मिळणे अक्षम्य वाटते. दोन्ही गोष्टी त्या प्रकरणात सविस्तर आल्या आहेत.

आज कोर्ट अजून केरोतच भरते. 2020 मध्ये राज्याने इथल्या नदीबंदरासाठी चार कोटी डॉलर मंजूर केले, आणि मालवाहू तराफे रोज गावासमोरून जातात, तेव्हा बंदराची आशा निराधार नाही. जून 2023 मध्ये रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर किराणा दुकान उघडले. या दोन्हींचे भवितव्य काय, यावर मी भाकीत केलेले नाही.

पुस्तकातली प्रकरणे कालक्रमाने आहेत, फक्त पहिले प्रकरण नद्यांचे आहे, कारण ते समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. ज्यांना यादवी युद्धात रस आहे ते तिसऱ्या प्रकरणापासून सुरू करू शकतात. 1909 आणि 1967 ते 1973 ही प्रकरणे लांबली आहेत. ती लहान करावीत असा सल्ला मिळाला होता. मी तो घेतला नाही.